खांद्यावरचे लाकूड

चित्रपटाचे भित्तिपत्रक, ज्याला आपण सरसकट पोस्टर म्हणतो, ते निवांत वाचण्यासाठी नसते. जाता जाता दिसण्यासाठी असते. एस.टी. स्थानकाच्या भिंतीवरून माणसाची नजर दोन-चार क्षण फिरते. तेवढ्यात ती अडवायची आणि पावले तिकिटाच्या खिडकीकडे वळवायची, हे या कलेचे काम. म्हणूनच तिच्यात चेहरे मोठे, रंग भडक आणि अक्षरे दुरून ओळखू येतील अशी जाड. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही ते बोलावते.

महाराष्ट्रात या कलेचा पाया चित्रकारांनीच घातला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक उपलब्ध जुन्या भारतीय भित्तिपत्रकांत अग्रक्रमाने गणले जाते. पंढरपुरास जन्मलेले मकबूल फिदा हुसेनही उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत.

या परंपरेतील एक चित्र आम्हांला विशेष विचारात पाडते. मेहबूब खान यांच्या ‘मदर इंडिया’चे, १९५७ सालचे. नांगराचे जड लाकूड खांद्यावर पेलणारी नर्गिस, ताणलेला देह, वर उचललेली व्याकूळ मुद्रा. लाकडाची तिरपी रेषा आपली नजर थेट त्या चेहऱ्याकडे नेते. सावकाराच्या कर्जात पिचलेल्या राधेची सगळी कथा चित्रकाराने एका आकृतीत बसवली आहे. रचना म्हणून ती निर्दोष आहे, हे मान्य करावेच लागेल.

आम्हां ख्रिस्ती प्रेक्षकांना मात्र हे चित्र ओळखीचे वाटते. उपवासकाळात मंदिराच्या भिंतीवरील चौदा स्थानांसमोर आपण गुडघे टेकतो, तिथेही खांद्यावर लाकूडच असते. तिथेही निरक्षर आजीला चित्र समजते. मग फरक कुठे? आम्हांला वाटते, फरक बघणाऱ्याच्या जागेत आहे. क्रुसाच्या वाटेवर पाचव्या स्थानी कुरेनेकर शिमोन ओझ्याला खांदा देतो, सहाव्या स्थानी वेरोनिका मुख पुसते. चित्र आपल्याला विचारते, तू यांपैकी कोण? भित्तिपत्रक असे काही विचारत नाही. ते दुःखाला इतके भव्य करते, की त्यापुढे फक्त स्तिमित व्हावे. एकट्या आकृतीशेजारी दुसऱ्या खांद्याला जागाच ठेवलेली नाही.

हा भेद आम्हांला बारकाव्याचा वाटत नाही, कारण आम्ही बीड जिल्ह्यात राहतो. दसरा-दिवाळीनंतर इथली हजारो जोडपी मुकादमाची उचल फेडण्यासाठी कारखान्यांच्या फडावर जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उसाची मोळी डोक्यावर घेऊन बाई वाहनावर चढते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. येथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण इतके धक्कादायक निघाले, की २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पडद्यावरच्या राधेसाठी डोळे पुसणारे आपणच या बाईच्या शेजारून निमूट निघून जातो. तिच्यामागे लाल-नारिंगी आकाश रंगवलेले नसते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही काय?

भित्तिपत्रकाला दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ग्राहक बोलावणे हा त्याचा धर्म आहे आणि तो ते प्रामाणिकपणे पाळते. आता हाताने रंगवलेले फलक जाऊन छापील फ्लेक्स आले, जाहिरात मोबाईलवर आली. नजर अडवण्याची कला तीच राहिली. प्रश्न अडलेल्या नजरेने पुढे काय करायचे, हा आहे. आपल्या मुलांना चित्र पाहायला शिकवताना रंग आणि रेषा जरूर समजावून द्याव्यात. त्यासोबत एक प्रश्नही द्यावा: या चित्रात माझ्या खांद्याला जागा आहे का? नसेल, तर ती चित्राबाहेर, फडाच्या वाटेवर शोधावी.