खरखर कुठे घालायची?

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात राहणाऱ्याला खरखरीत आवाज समजावून सांगावा लागत नाही. ग्राइंडरवर लोखंड धरलं की कळतं. तरी मिरवणुकीचे डीजे ट्रॅक करणाऱ्या आपल्या मुलांच्या सिंथ-बासबद्दल माझी तक्रार आहे. मोठ्या आवाजाची नव्हे (तीही आहे, पण ती पोलिसांकडे करायची). खरखर ते वरून फासतात, भिंतीला रंग दिल्यासारखी.

50 हर्ट्झचा साधा, गोल सूर घ्या. डिस्टॉर्शनने त्याच्या लाटेची शिखरं कापली की 150, 250, 350 असे वरचे स्वरांश तयार होतात. मोबाइलच्या स्पीकरला 50 वाजवता येत नाही. पण हे अंश ऐकून कान खालचा सूर स्वतःच भरून काढतो. जे वाजतच नाही ते ऐकू येतं! ज्ञानमीमांसेच्या वर्गाला याहून चांगलं उदाहरण नाही. मात्र शिखरं पार कापली की लाट चौकोनी होते. मग हळू वाजवा, जोरात वाजवा, आवाज तोच.

आता चरणजित सिंग यांची 1982 साली ध्वनिमुद्रित झालेली 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी ऐका. हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. बासला त्यांनी घेतलं रोलँडचं टीबी-303. एक ऑसिलेटर, एक फिल्टर, बस. बास गिटारच्या जागी वाजावं म्हणून केलेलं यंत्र, आणि तेच त्याला नीट जमेना. पण त्यात स्लाइड आहे, सूर पुढच्या सुरावर घसरत जातो. मींड नव्हे हं. मींडेची गती वादक ठरवतो, इथे ती यंत्रात ठरलेलीच. आणि ॲक्सेंट आहे, म्हणजे निवडलेल्या सुरालाच धार येते. शिकागोच्या फ्यूचरचा 'ॲसिड ट्रॅक्स' आला 1987 साली, म्हणून "ॲसिड हाउस मूळचं आपलं" असं आता अभिमानाने सांगतात. मला त्यात रस नाही. ललितला आणि मेघ मल्हारला एकच डिस्को ठेका, हे तर मला खटकतंच. पण बास ऐका. तिथे चिरका सूर वेगळा कळतो, कारण त्याच्या शेजारचा चिरकत नाही.

तेव्हा ट्रॅक करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. तळाचा सूर वेगळा आणि स्वच्छ ठेवा. वरच्या थराला डिस्टॉर्शन फिल्टरच्या नंतर लावा, म्हणजे फिल्टर उघडेल तशीच खरखर वाढेल. सोळा घरांत ॲक्सेंट दोन किंवा तीन. चौथा द्यावासा वाटला, तर आधीचा एक काढा.