दानलेखातील नावे आणि निनावी माणसे

साहित्याची चर्चा निघाली की आपण कविता, कथा, नाटक यांचा विचार करतो. दानलेख मात्र इतिहाससंशोधकांच्या स्वाधीन करून मोकळे होतो. वस्तुतः एखाद्या राजाने वा धनिकाने देवालयाला, चर्चला अथवा व्यक्तीला भूमी दिली आणि ते दान दगडावर, ताम्रपटावर किंवा चर्मपत्रावर नोंदवून ठेवले, तर ती नोंद हाही एक वाङ्मयप्रकारच होय. त्याला ठरीव मांडणी आहे, गंभीर स्वर आहे आणि पुढे येणाऱ्या वाचकाविषयीची आस्था व धास्ती दोन्ही आहेत. हा विषय सोलापूरकरांना दूरचा नाही. भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ मधील मराठी लेख आहे. जो वाचील तो विजयी होईल, असा आशीर्वाद देऊन तो संपतो. मराठीच्या कोरीव लेखनाच्या आरंभकाळीच वाचकाचे असे स्मरण ठेवलेले पाहून मन भरून येते.

सेमिनरीत लॅटिनचे धडे गिरवताना मध्ययुगीन इंग्लंडमधील दानपत्रांशी आमचा प्रथम परिचय झाला. मूळ स्वरूपात टिकलेल्या अशा पत्रांपैकी सर्वांत जुने इ. स. ६७९ चे आहे. केंटचा राजा ह्लोथहेर याने थॅनेट बेटावरील भूमी रेकल्व्हरच्या मठाधिपतीला व त्याच्या मठाला दिली, त्याचे ते पत्र. पुढील काळात या पत्रांचा साचा पक्का झाला. आरंभी ईश्वराचे स्मरण, नंतर ऐहिक वैभवाच्या नश्वरतेवर दोन शब्द, मग दान, भूमीच्या सीमा, दान मोडणाऱ्याला शाप आणि शेवटी क्रूसाच्या खुणेसह साक्षीदारांची नावे. यातील लक्षणीय गोष्ट अशी की पत्र लॅटिनमध्ये असले, तरी सीमा सांगण्याची वेळ आली की लेखक बहुधा लोकांच्या इंग्रजीत उतरतो. ओढा, टेकाड, जुने झाड, खाचर यांची नावे लॅटिनमध्ये सांगून बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला काय कळणार?

आता आपल्याकडे पाहू. शिलाहार राजा अपरादित्य याचा इ. स. ११८७ चा लेख मुंबईत परळ येथे सापडला. साष्टीतील एका गावच्या वाडीचे उत्पन्न वैद्यनाथाच्या पूजेसाठी दिल्याची ही नोंद. लेख संस्कृतात आहे. पण अखेरचा शाप मराठीत! शं. गो. तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६३ साली प्रसिद्ध केला. तो चाळताना जुन्या मराठीचा केवढा मोठा ठेवा दानाच्या निमित्ताने टिकून राहिला, हे ध्यानी येते. स्तुती देवभाषेत करता येते. ताकीद मात्र ऐकणाऱ्याच्या भाषेतच द्यावी लागते. मातृभाषेचा मान राजसभेने ओळखण्यापूर्वी शेताच्या बांधाने ओळखला, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु गुणांबरोबर दोषही सांगणे हे समीक्षकाचे कर्तव्य आहे. इंग्लंडमधील दानपत्रे दान मोडणाऱ्याला यहूदाच्या पंगतीला बसवतात. शेजाऱ्याची सीमा सरकवणाऱ्यावर शाप उच्चारणारे अनुवादाचे पुस्तक आपणही वाचतो. अपराध ज्याचा, शाप त्यालाच, एवढा न्याय तेथे आहे. आपल्या गद्धेगाळीत मात्र अपराध्याच्या आईची विटंबना शब्दांत आणि चित्रात कोरलेली असते. वर चंद्र-सूर्य, खाली एका निरपराध स्त्रीचा अपमान! दानाचे पावित्र्य राखण्यासाठी वापरलेले हे साधनच अपवित्र आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ख्रिस्ती दानलेखही निर्दोष नाहीत. केरळातील कोल्लम येथील तरिसा चर्चला मिळालेले ताम्रपट इ. स. ८४९ चे मानले जातात. अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपींतील साक्षीदारांच्या सह्या त्यांवर आहेत. निरनिराळ्या धर्मांचे लोक एका चर्चच्या दानाला साक्षी राहिले, याचा आपल्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच ताम्रपटांत भूमीबरोबर माणसेही चर्चकडे सोपविलेली आहेत. एळव, परीट, सुतार, शेतकरी अशी कुटुंबे तेथे जातीने आणि संख्येने येतात. नावाने येत नाहीत. देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे, साक्षीदारांचे आहे. ज्यांचे सारे आयुष्य त्या दानात गेले, त्यांना विचारले कोणी? नाबोथने आपला द्राक्षमळा राजाला नाकारला, म्हणून पवित्र शास्त्रात त्याचे नाव राहिले. या कुटुंबांना नाकारण्याची सोयच नव्हती.

या पार्श्वभूमीवर आपल्याच जिल्ह्यातील पंढरपूरचा चौऱ्यांशीचा शिलालेख आम्हाला श्रेष्ठ वाटतो. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातील ती दात्यांची यादी. रामदेवराव यादव आणि हेमाद्री पंडित त्यात आहेतच. पण लहानसहान देणगी देणाऱ्यांचीही नावे त्याच दगडावर आहेत. त्यात ना अलंकार, ना कल्पनाविलास. तरीही माणसाला नावाने ओळखणे हा त्याचा गुण पुष्कळशा अलंकृत प्रशस्तींत सापडत नाही. या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या श्रद्धेने यात्रेकरूंनी तो घासला. भक्तीच्या स्पर्शानेच भक्तांची नावे झिजली, हे दुर्दैव.

हे सारे लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर धर्मग्रामातील दोन गोष्टी आहेत. एक, चर्चच्या दारावरील देणगीदारांची संगमरवरी पाटी. दुसरी, कपाटातील बाप्तिस्म्याची नोंदवही. पाटीवर ज्यांना देता आले त्यांचीच नावे आहेत. ज्यांनी पाया खणला, पाणी वाहिले, त्यांची नाहीत. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या नावे वीतभर जमीनही नव्हती, अशी कुटुंबे आपल्यात थोडी नाहीत. नोंदवहीत मात्र त्या प्रत्येकाचे नाव आहे, आईबापांच्या आणि धर्ममातापित्यांच्या नावांसह. आमच्या लेखी खरा दानलेख तोच. तो जपणे, आणि पुढची पाटी लावताना तिच्यावर कोण राहून गेले हे आधी विचारणे, एवढे या जुन्या लेखांपासून शिकलो तरी ते वाचल्याचे सार्थक झाले.