बूलचा ‘किंवा’

जॉर्ज बूल याचा विचारनियमांवरील ग्रंथ १८५४ साली प्रसिद्ध झाला. तर्कशास्त्र आणि संभाव्यता या दोहोंचा पाया एकाच बीजगणिताने घालावा, ही त्याची प्रतिज्ञा. तिचे मोल वादातीत आहे. परंतु या बीजगणितातील अधिकचिन्ह ज्या भाषिक गृहीतावर उभे आहे, ते मात्र तपासून घ्यावयास हवे. ‘किंवा’ने जोडलेले वर्ग काटेकोर अर्थाने परस्परांहून सर्वस्वी भिन्न असतात, असे बूल म्हणतो.

हे मान्य केल्यास दोहोंपैकी एक घटना घडण्याची संभाव्यता निव्वळ बेरजेने मिळते. बावन्न पत्त्यांतून काढलेले पान राजा किंवा राणी असण्याची संभाव्यता ८/५२ होय. येथे तक्रारीस जागा नाही. ‘राजा किंवा बदाम’ म्हणताच मात्र चार आणि तेरा मिळून सतरा होतात व बदामाचा राजा दोनदा मोजला जातो. एकदा वजा केल्यास १६/५२, अजिबात वगळल्यास १५/५२. यांतील इष्ट उत्तर कोणते, हे गणित सांगू शकत नाही; तो निर्णय ‘किंवा’च्या अर्थाचा आहे.

बूलला दोन्ही अर्थ ठाऊक होते. दोहोंसाठी त्याने निरनिराळ्या राशीही मांडल्या. आक्षेप आहे तो व्यावर्तक अर्थाला ‘काटेकोर’ ठरविण्यास. ‘तो चहा किंवा कॉफी घेत नाही’ हे वाक्य घ्यावे. ‘किंवा’ मूलतः व्यावर्तक असता, तर दोन्ही पेये घेणाऱ्यासही हे वाक्य लागू पडले असते! तसे कोणी समजत नाही. निवडीचा अर्थ हवा असेल तेथे मराठी ‘की’ वापरते: ‘चहा की कॉफी?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर होत नाही. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ याला होते. ‘दोन्ही नव्हे’ ही छटा पुष्कळदा प्रसंगातून येते, शब्दातून नव्हे. ग्राइसच्या १९६७ मधील व्याख्यानांनंतर हा भेद भाषाविचारात स्थिरावला.

जेव्हन्सने १८६४ मध्ये समावेशक अर्थ स्वीकारला. ‘क्ष अधिक क्ष बरोबर क्ष’ हे त्याचे समीकरण मात्र बूलने मानले नाही. त्याचे कारण भाषेत शोधण्याची गरज नाही: दोन्ही बाजूंतून क्ष वजा करताच क्ष शून्य होतो. संभाव्यताशास्त्राने समावेशक ‘किंवा’ घेतला आणि वजाबाकीही राखली. बदामाचा राजा तेथे एकदाच वजा होतो.