धोंड्याखालचा किंगरीवाला

माघ पौर्णिमेच्या सुमारास दरेकसा स्टेशनावर उतरलं की कानावर पहिला शब्द पडतो तो ‘जय सेवा’. त्याला उत्तर देणं सोपं. धनेगावच्या वाटेवर झाडाखाली चूल मांडून बसलेल्या एका आजीने मात्र मला अडकवलं. आडनाव विचारून झाल्यावर ती म्हणाली, “किती देवाचे तुमी?” मी आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, दोन टाक असं मनातल्या मनात मोजू लागलो. आजी हसली. तिला हवा होता तो आकडा वेगळाच. गोंडांत चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशी घराणी. एका आकड्यात सोयरीक होत नाही. तेलंगणातून किंवा मध्य प्रदेशातून आलेला अनोळखी माणूस भाऊ की सोयरा, हे चुलीपाशी बसल्या बसल्या कळतं.

हे सगळे जमतात ते गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या यात्रेला. तिथल्या गुहेची जी कथा सांगतात ती श्रद्धेची आहेच, पण कथा म्हणूनही कसलेल्या हाताची आहे.

कली कंकालीची मुलं, म्हणजे गोंडांचे पूर्वज, अनावर. शंभूने त्यांना गुहेत कोंडलं आणि तोंडाशी धोंडा लोटला. आईचा आकांत. जंगो रायतार देवीचा जीव त्या पोरांसाठी तुटतो, गोंडांचा धर्मगुरू पारी कुपार लिंगो सुटकेची वाट शोधतो. धोंडा हलतो तो मात्र हिरासुका पाटालीर या वादकामुळे. त्याच्या किंगरीचे, म्हणजे तंतुवाद्याचे, सूर आत झिरपतात, अंधारातल्या मुलांच्या अंगात बळ येतं, ती आतून धोंड्याला भिडतात. धोंडा गडगडत सुटतो तो बाहेर वाजवत उभ्या असलेल्या हिरासुकावरच.

एखाद्या भाबड्या कथेकऱ्याने लिंगोच्या नुसत्या स्पर्शाने धोंडा दूर केला असता. इथे चमत्काराची वेळ येते आणि कथा तो टाळते. बाहेरून येतो फक्त सूर. जोर लावायचा तो कोंडलेल्यांनीच. आणि ज्याने त्यांना जागं केलं, त्याने त्यांचे चेहरे पाहिले का? मी ऐकलेल्या कथनात त्याबद्दल अक्षर नाही. सांगणारा क्षणभर थांबला आणि सरळ पुढच्या प्रसंगावर गेला. पुढे लिंगो मुलांना कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, शिकवतो, साडेसातशे गोत्रं लावून देतो, कुणी कोणता प्राणी, पक्षी, झाड जपायचं ते ठरवतो. मला हा भाग यादीसारखा वाटला. आजीच्या लेखी खरी कथा तिथून सुरू होते.

लिंगोच्या कथेचं एक जुनं रूप नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून ठेवलं होतं. ते 1863 मध्ये वारले. रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद 1866 मध्ये छापले. त्यात गोंडांना गुहेत डांबणारा महादेव आहे, आणि पार्वतीला त्यांच्यावाचून करमत नाही. शेजाऱ्यांचा देव कथेने नाकारला नाही, आत घेतला. फक्त काम दिलं ते दारावर धोंडा लावायचं! गोंडी संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांच्या मांडणीत मात्र शंभू मुळातच गोंडांचा. तसं वाचलं तर कथा आणखी अवघड होते: कोंडणारा आपलाच, आणि तरी त्याच्यावर राग नाही. मला हे दुसरं वाचन अधिक आवडतं.

शेजाऱ्यांत राहून आपलं जपायचं, हे गोंडांपुरतं नाही; परमुलखात जाऊन देव जपणारे आपल्याला ठाऊक आहेत. कोकणातले बेने इस्राएल ज्यू मराठी बोलत, तेल गाळत राहिले, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. गोंड मात्र कुठेच गेले नाहीत. 1751 मध्ये गोंड राजांचं चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, भोसल्यांकडे गेलं, पुढे इंग्रज आले. परका मुलूखच त्यांच्या अंगणात येऊन बसला, आणि त्यातले एक परके आपण मराठी. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे 30 लाखांच्या आतबाहेर. समाज त्याच्या कितीतरी पट मोठा.

मग कथा टिकली ती कुणामुळे? म्हणून मला त्या मेलेल्या वादकाशी परत यावंसं वाटतं. गोंडांची वंशावळ आणि देवांची गाणी परधानांनी, म्हणजे त्यांच्या परंपरागत गायकांनी, तोंडपाठ ठेवली, वाद्याच्या साथीने. मध्य प्रदेशातल्या मंडलाकडे तर गोंडांचा थोरला देव बडादेव साजाच्या, म्हणजे आपल्या ऐनाच्या, झाडात राहतो आणि परधानाने बाना हे तंतुवाद्य वाजवलं की जागा होतो असं मानतात. ज्यांनी हे गाणं जपलं, त्यांनी आपल्यातल्याच एकाला धोंड्याखाली ठेवलं आणि त्याचं दुःख दोन वाक्यांत उरकलं. एवढा संयम मोठमोठ्या शोकांतिकांनाही साधत नाही.

परतताना आजीची चूल विझत आली होती. तिची नात, सात-आठ वर्षांची, माझ्याशी शाळा, बाई, गणित असं सगळं फडाफड मराठीत बोलत होती. मी तिला आजीचाच प्रश्न विचारला.

“सारूंग,” ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून तिने एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याचा अंगठा वर केला.