भावाचं प्रेम आणि बहिणीचा हिशेब

पाकिस्तानी मुस्लीम घरातला मुलगा, गोरी मुलगी आणि घरच्यांचा विरोध. या सूत्रावरचे दोन चित्रपट आज आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू. पहिला केन लोच यांचा ‘ए फॉन्ड किस’, २००४ सालचा, ग्लासगोत घडणारा. दुसरा मायकल शोवॉल्टर यांचा ‘द बिग सिक’, २०१७ सालचा, शिकागोतला. याची पटकथा कुमैल नानजियानी आणि एमिली गॉर्डन या पतिपत्नीने स्वतःच्याच गोष्टीवरून लिहिली; तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

आधी एक गैरसमज बाजूला करू. अशा कथांत धर्म विरुद्ध प्रेम असा सामना असतो, असं आपण धरून चालतो. पण पारंपरिक इस्लामी कायद्यानुसार मुस्लीम पुरुषाला ख्रिस्ती किंवा ज्यू स्त्रीशी लग्न करता येतं. मुस्लीम स्त्रीला मात्र बिगरमुस्लीम पुरुषाशी नाही. म्हणजे ग्लासगोच्या कासिमचं आयरिश कॅथलिक रोशीनशी लग्न निव्वळ धर्मशास्त्रावर अडायला नको. मग अडतं कुठे? अडतं ते बिरादरीत. नात्यातल्या जास्मिनशी ठरवलेल्या लग्नात, त्या जोडप्यासाठी घराला जोडून काढलेल्या बांधकामात, आणि चार लोकांत राखायच्या इज्जतीत.

आता बघा, कासिम घराबाहेर पडतो तेव्हा भोगतं कोण? त्याची मोठी बहीण रुखसाना. भावापायी तिचं ठरलेलं लग्न मोडतं. त्यामुळे ती रोशीनला ‘त्याला सोड’ म्हणते, तेव्हा आपल्याला तिचा राग येत नाही. धाकट्या ताहाराला पत्रकारिता शिकायला एडिनबराला जायचंय, तर तिलाही भांडून जावं लागतं. आणि लोच पारडं एकाच बाजूला झुकवत नाहीत. रोशीनची कॅथलिक शाळेतली कायम नोकरी पाद्रीच्या शिफारशीवर अवलंबून असते, आणि तो ती नाकारतो. इज्जतीचे पहारेकरी दोन्हीकडे आहेत.

‘द बिग सिक’ जास्त हसवतो, जास्त उबदार आहे. कुमैल मोबाइलवर टायमर लावून नमाज पढल्याचं नाटक करतो, हे तर अनेक घरांतलं गुपित. अनुपम खेर यांनी साकारलेला बापही खरा वाटतो. शेवटी आई गाडीतून उतरत नाही, मुलाकडे बघत नाही, पण बिर्याणी मात्र देते! या एका डब्यात राग आणि माया दोन्ही आहेत.

पण आमची तक्रार एका खोक्याबद्दल आहे. आईने दाखवलेल्या मुलींचे फोटो कुमैल सिगारच्या खोक्यात टाकतो. त्या मुलीही तिथेच वाढलेल्या, त्यांच्याही घरी अशाच अपेक्षा. पण चित्रपटात त्या येतात, एखादा विनोद होतो, आणि जातात. खदीजा घटकाभर मनातलं बोलते, तेवढंच. कुमैल आईवडिलांना विचारतो, इथलं आयुष्य जगू द्यायचं नव्हतं तर इथे आणलंत कशाला? प्रश्न रास्तच आहे. पण तो खदीजाने विचारला असता तर?

मुलाच्या बंडाला दोन्ही चित्रपट दाद देतात. त्याची किंमत कोणाच्या खात्यातून गेली, हे मात्र लोचच मांडतात. म्हणून ‘द बिग सिक’ आपल्याला आवडतो, आणि ‘ए फॉन्ड किस’ घरी आल्यावरही डोक्यातून जात नाही.