ज्वालामुखीची बेटे आणि मराठी प्रवासवर्णन

पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’मधील (१९६३) बाली मराठी वाचकाच्या मनात ठसले ते तेथील माणसांमुळे आणि त्यांच्या नृत्यसंगीतामुळे. माणसांवरून मुलखाची ओळख करून घ्यावी, ही या लेखकाची प्रकृती ‘अपूर्वाई’पासूनच परिचयाची आहे, तिने मराठी प्रवासवर्णनाला स्थळांच्या कोरड्या नोंदींतून सोडविले, हे श्रेय निर्विवाद होय. परंतु ज्या बेटाचा देव, शेती आणि मरण हे सारे एका पर्वताच्या हाती आहे, तेथे ही दृष्टी कितपत पुरी पडते?

‘पूर्वरंग’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी बालीतील आगुंग पर्वताचा उद्रेक होऊन हजाराहून अधिक माणसे दगावली. पर्वताच्या उतारावरील बेसाकी मंदिरात तेव्हा ‘एकादश रुद्र’ हा शतकातून एकदा व्हावयाचा महाविधी चालू होता. एकादष्णीची आवर्तने ऐकलेल्या मराठी वाचकाला हे नाव परके वाटणार नाही. लाव्हारस मंदिराला थोडक्यात चुकवून गेला. अनेक बालीवासीयांनी त्यात देवाचा कौल पाहिला, आणि १९७९ मध्ये विधी पुन्हा केला. येथे निसर्गस्थळ कोणते आणि इतिहासस्थळ कोणते, हे वेगळे काढताच येत नाही. मनुष्यस्वभावाच्या रसिक निरीक्षणातून या कथेचा अर्धाच भाग हाती लागतो. उरलेल्या अर्ध्यासाठी पर्वतालाच पात्र मानावे लागते.

ही उणीव केवळ परदेशाच्या वर्णनात नाही. घारापुरीला स्वतःचे ज्वालामुख नाही. पण तिचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या, दख्खन घडविणाऱ्या लाव्ह्याचाच आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास शिल्पकारांनी तो कोरून जवळजवळ अठरा-वीस फुटांचा त्रिमुख शिव साकारला. त्या मुखांवरील शांततेविषयी लिहिताना अभ्यासकांची लेखणी थकत नाही. (पाठ्यपुस्तकी निबंधांत तर दुसरे काहीच नसते.) मात्र सबंध लेणे आतून पोखरीत जाता येईल असा एकसंध दगड मुळात आला कोठून, हे क्वचितच विचारले जाते. पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिले तेही देवावरून नव्हे, किनाऱ्याजवळच्या एका दगडी हत्तीवरून. तो हत्ती पुढे हलविताना फुटला आणि जोडून भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा करण्यात आला. बेटावर त्याचे नाव तेवढे राहिले.