कुशीतले दुखणे

आमच्या मावशीची कंबर वीस वर्षे दुखत होती. तिला कोणी वाईट बोलले असे नाही. ‘भोग आहेत, भोगूनच संपायचे,’ एवढे म्हणून जो तो आपल्या कामाला लागे. पुढे पुढे तिने दुखते म्हणून सांगणेच सोडले. टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही १८८६ सालची दीर्घकथा यंदा पुन्हा वाचताना मला सारखी मावशीच दिसत होती. (फराळाबरोबर वाचण्यासारखे हे पुस्तक नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.)

इव्हान न्यायाधीश. नव्या घरातले पडदे कसे लावायचे हे दाखवायला शिडीवर चढतो, पाय घसरतो आणि कूस खिडकीच्या मुठीवर आपटते. मग दुखणे सुरू होते. मूत्रपिंड की आंत्रपुच्छ, याचा डॉक्टर खल करतात. तोही कोर्टात तो स्वतः आरोपींपुढे दाखवीत असे त्याच रुबाबात. पण मला धास्ती वाटते ती त्याच्या बायकोची. प्रास्कोव्या फ्योदोरोव्ना काही कैदाशीण नव्हे. तिची एक समजूत आहे, एवढेच. हा औषध वेळेवर घेत नाही, पाय वर करून निजतो, म्हणून दुखते! आल्यागेल्याला ती हेच सांगते. समजूत मोठी सोयीची. दोष रोग्याचा ठरला की उशाशी बसावे लागत नाही.

आणि पाय वर ठेवल्यानेच तर त्याला बरे वाटते! नोकर गेरासिम ते पाय रात्र रात्र आपल्या खांद्यांवर घेऊन बसतो. दुखते कशाने, हे तो विचारीत नाही.

इथवर मी टॉलस्टॉयला हात जोडतो. शेवटाशी मात्र माझे भांडण आहे. आपण खोटे जगलो हे इव्हानला उमगते, बायकोमुलाची कणव येते आणि प्रकाश दिसतो. म्हणजे दुखण्याला काही शिकवायचे होते तर! हा आपला भोगच, रशियन कोट घातलेला. इव्हान निदान त्या पानावर सुटला. मावशीला दुसऱ्या दिवशी पुन्हा उठायचे होते, पाणी भरायचे होते; त्यात धडा कसला शोधायचा तिने? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली, तेव्हा दुखते असे माणूस सांगतो त्याचा मान राखावा, असे तीत नमूद केले.

मावशीला ‘कुठे दुखते, दाखव,’ असे आम्ही कधी म्हटले नाही. शेकायची रबरी पिशवी ती स्वतःच भरून घेई, आणि ती दिसली की आम्ही विषय बदलत असू.